प्रमाण आजी

राजारामपुरी महिला मंडळाच्या 'दुधाविना दुधाचे पदार्थ' या स्पर्धेत त्या वर्षी एक बाई सोडून सगळ्यांचा पहिला नंबर आला. ती एक बाई म्हणजे ऋतुजाकाकू सरनोबत, आणि त्याआधी कित्येक वर्षं पहिला नंबर फक्त त्यांचाच येत होता.

झालं असं की, पहिली वाटी होती पल्लवी मगदूमच्या बासुंदीची. पहिल्या परीक्षकबाई म्हणाल्या, "वा! जायफळ अगदी बेतानं पडलंय."

शेजारचे परीक्षक म्हणाले, "जायफळ कुठलं? केशर आहे नुसतं, आणि तेही अस्सल."

तिसऱ्या बाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "तुमच्या जिभांना काय झालंय? याला चुलीच्या धुराचा वास आहे. आमच्या मावशीकडं असायचा तस्सा."

वास्तविक पल्लवीनं त्यात जायफळ घातलं नव्हतं, केशर घातलं नव्हतं, आणि चूल तर तिनं जन्मात पाहिली नव्हती. फोनवर बोलता बोलता पाकीट फोडून तिनं पाण्यात पावडर कालवली होती. दहापैकी दहा मिळाले. पुढच्या वाटीलाही दहा, त्याच्या पुढच्यालाही दहा. जायफळवाल्या बाई आणि केशरवाले गृहस्थ यांचा आवाज तोवर इतका चढला की मंडळाच्या अध्यक्षबाईंना मध्ये पडावं लागलं. सगळ्यात शेवटी काकूंचं श्रीखंड आलं. काजू आणि शेंगदाण्याचं दही रात्रभर फडक्यात टांगून, चक्का हातानं फेटून केलेलं. परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं. या एका पदार्थाबाबत मात्र तिघांचं एकमत झालं.

"थोडं आंबट आहे, नाही?"

दहापैकी सात.

हे ज्या काळात घडलं त्या काळात कोल्हापुरात म्हैस राहिली नव्हती. ज्या गावात एकेकाळी कट्ट्यावर म्हैस उभी करून लोक धारोष्ण दूध पीत, तिथंही नाही. उन्हाळे असे तापू लागले की जनावरांना सोसेनात. गोठे एकामागून एक रिकामे झाले. पाठोपाठ कोंबड्यांवर रोग आला आणि अंडीही गेली. तेव्हा ऋतुजाकाकू नव्यानं संसाराला लागलेल्या होत्या. त्यांच्या पिढीच्या बायकांनी कंबर कसली. शेंगदाण्याचं दही लावायला मिरचीचे देठ वापरायचे, ऑम्लेटसाठी मूग किती भिजवायचे, छोले शिजवलेलं पाणी किती घोटलं म्हणजे अंड्यासारखा फेस येतो, केक बांधून राहायला जवस किती घालायचे, हे सगळं त्या चुकत, करपवत, फेकून देत शिकल्या. त्यात काकूंचा हात धरणारी गावात कुणी नव्हती. त्यांच्या कढीसाठी लोक हळदी-कुंकवाला यायचे.

आणि मग, या स्पर्धेच्या आठ-दहा वर्षं आधी, बाजारात 'जिव्हाळा' आलं; मंडळानं मात्र स्पर्धेत ते त्या वर्षीच पहिल्यांदा चालवून घेतलं. पांढऱ्या पाकिटात दूध, दही, साय, लोणी. पिवळ्या पाकिटात अंडं. काहीही करा, चांगलंच लागायचं. नुसतं चांगलं नाही, डोळ्यांत पाणी येईल इतकं चांगलं. ज्या पल्लवीच्या हातून पाणीसुद्धा करपतं अशी गल्लीत ख्याती होती, तिच्या घरी आता पाहुणे वाटी चाटूनपुसून ठेवत.

स्पर्धेत काकूंना उत्तेजनार्थ मिळालं, तेही जिव्हाळाच्याच बासुंदीचं एक पाकीट. ते त्यांनी घरी येऊन ओट्यावर आपटलं. त्यांचे यजमान धैर्यशीलराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नावातलं धैर्य घराबाहेरच वापरणारे. ते हळूच म्हणाले, "आता आणलंच आहे तर बघूया का थोडं?"

त्यांनी वाटीत पावडर घेतली, माठातलं पाणी घातलं, एकामागून एक तीन चमचे तोंडात टाकले. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून एक थेंब मिशीत उतरला.

"कशी आहे?" काकूंनी विचारलं.

"बरी आहे."

"बरी? मग डोळ्यांत पाणी का आलं?"

"गरम आहे जरा."

"माठातल्या पाण्यात कालवलीय तुम्ही!"

धैर्यशीलराव वाटी घेऊन गच्चीत निघून गेले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. इतक्या वर्षांत काकूंच्या हातचं खाऊन हा माणूस 'छान झालंय' म्हणाला होता, 'अजून आहे का' म्हणाला होता, पण रडला कधीच नव्हता.

काकू तडक वरच्या मजल्यावर गेल्या. तिथं त्यांची भाडेकरू डॉ. अन्विता कामते राहायची. जिव्हाळा बनवणाऱ्या कंपनीत ती संशोधक होती, आणि त्यामुळं काकू तिच्याशी गेले काही महिने फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होत्या.

"अन्विता, खरं सांग. काय घालता गं तुम्ही त्यात?"

"हुलग्याच्या जातीतलं एक कडधान्य आहे, काकू. बस्स. त्यातलं प्रथिन आम्ही जरा बदललंय. आम्ही त्याला 'अनुरस' म्हणतो. जो रसाच्या मागोमाग जातो तो अनुरस."

"मला समजेल असं सांग."

अन्वितानं क्षणभर विचार केला. "तुम्ही गाण्याला जाता ना? नवखा गायक आला तर पेटीवाला काय करतो? एक सूर दाबून बघतो, गायकाच्या चेहऱ्याकडं बघतो. जमला नाही तर दुसरा. गायकाची पट्टी सापडेपर्यंत. अनुरस तोंडात गेला की तेच करतो. त्याच्या घड्या असतात, साडीच्या निऱ्या असतात ना तशा. निरी बदलली की वास बदलतो, चव बदलते. आता आपल्याला एखादी चव आवडली की लाळेत बारीकसा फरक पडतो. आपल्याला कळतही नाही, पण अनुरसाला कळतो. जिकडं आवड, तिकडं तो वळत जातो. दोन-चार चमच्यांत त्या माणसाच्या जिभेला जे सगळ्यात हवंसं आहे तिथं येऊन थांबतो."

"म्हणजे ज्याला जे आवडतं ते?"

"हो. पण आवड काही आभाळातून पडत नाही, काकू. ती कुणाच्या तरी हातची असते. लहानपणी, तरुणपणी कधीतरी कुणीतरी काहीतरी भरवलेलं असतं. माणूस ते विसरतो, जीभ विसरत नाही."

काकू जिना उतरल्या त्या नुसत्या उतरल्या नाहीत, कोसळत आल्या. धैर्यशीलराव गच्चीवरून रिकामी वाटी घेऊन येत होते.

"कुणाच्या हातची लागली?"

"काय?"

"बासुंदी. कुणाच्या हातची लागली तुम्हाला? माझ्या हातची नव्हती एवढं मला कळलंय."

"आईच्या," ते घाईनं म्हणाले.

"आईंची बासुंदी तुम्ही गुपचूप मोरीत ओतायचात. मी पाहिलंय."

धैर्यशीलरावांनी इकडं तिकडं पाहिलं. मग वाटी खाली ठेवून, कबुलीजबाब देणाऱ्या आरोपीसारखे ते पाटावर बसले. "हे बघ, चिडू नकोस. तुझ्या आधी एक मुलगी बघायला गेलो होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला. त्यांच्या घरची म्हैस होती. पोहे नव्हते केले, बासुंदी केली होती. एक वाटी खाल्ली. पत्रिका जुळली नाही, विषय संपला."

"एक वाटी?"

"एकच."

"काय नाव तिचं?"

"आठवत नाही."

"दिसायला कशी होती?"

"देवाशप्पथ आठवत नाही गं. बासुंदी तेवढी आठवते." आणि मग, कुठलाही शहाणा नवरा जिथं थांबला असता तिथं न थांबता ते पुढं म्हणाले, "ती पण तिनं नव्हती केली. तिच्या आईनं केली होती."

काकूंना हसावं की रडावं कळेना. एक सवत असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. एका वाटीशी भांडायचं कसं? त्या रागानं त्यांनी पाकिटात उरलेली पावडर स्वतः कालवली आणि आयुष्यात प्रथमच जिव्हाळाचा घास घेतला. पहिल्या चमच्याला काही नाही. दुसऱ्याला वेलची आली, जरा जास्तच. तिसऱ्याला तळाला किंचित लागलेल्या दुधाचा वास आला, आणि काकूंनी चमचा खाली ठेवला. ही सासूबाईंच्या हातची होती. ज्या बाईशी स्वयंपाकघरात त्या पंधरा वर्षं झुंजल्या, जिच्या हातच्या प्रत्येक पदार्थाला त्यांनी मनात नावं ठेवली, तिच्या हातची.

"तुला कुणाची लागली?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"माझीच," काकू म्हणाल्या.

त्यानंतर काकू जेवणाऱ्या माणसांकडं बघायला शिकल्या. लग्नाच्या पंगतीत, वाढदिवसाला, शेजारी. पूर्वी पंगतीत माणसं घास घेऊन एकमेकांकडं बघायची, 'मीठ जरा कमी पडलंय, नाही का' म्हणायची. आता असं कुणी म्हणत नव्हतं. एका ताटाला बसलेलं अख्खं कुटुंब आपापल्या वेगळ्या घरी जेवून यायचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी वाईट म्हणत नव्हतं, आणि छानही म्हणत नव्हतं. म्हणायचं ते तिथं नसलेल्या कुणाला तरी.

मे महिन्यात काकूंची नात तारिणी नाशिकहून राहायला आली. सात वर्षांची, काठीसारखी बारीक. समोर ठेवलेला जिव्हाळाचा पेला तिनं औषधासारखा संपवला.

"कसं होतं गं, तारू?"

"जसं असतं तसं."

"गोड? कसलं लागलं?"

"पांढरं लागलं," तारू म्हणाली आणि खेळायला गेली.

सुनेनं फोनवर सांगितलं, "आई, ती काही मागतच नाही. दिलं तर खाते, नाही दिलं तर आठवणही करत नाही. डॉक्टर म्हणतात, तिच्या वर्गातली निम्मी मुलं अशीच आहेत."

काकूंनी अन्विताला खाली बोलावलं. ती म्हणाली, "आम्हाला माहीत आहे, काकू. आम्ही त्याला 'कोरी जीभ' म्हणतो. ही मुलं जन्मापासून अनुरसावर वाढली. पेटीवाला सूर शोधतोय, पण समोर गायकच बसलेला नाही. यांना आवडायला आधी कुणाच्या हातचं काहीतरी चाखावं लागतं. तेच कुणी चाखवलं नाही. मग अनुरस कुठंच वळत नाही. नुसतं हुलग्याचं पाणी राहतं."

त्या दिवशी काकूंनी शेंगदाण्याच्या दह्याची कढी केली. हिंग नेहमीप्रमाणं जरा सढळ, फोडणी नेहमीप्रमाणं जरा काळी. तारूनं एक भुरका मारला आणि तोंड इतकं वाकडं केलं की धैर्यशीलराव घाबरले.

"ई! आंबट! आणि झोंबतंय!"

"राहू दे मग," काकू म्हणाल्या.

तारूनं वाटीकडं बघितलं. पुन्हा भुरका मारला. पुन्हा तोंड वाकडं केलं. मग वाटी दोन्ही हातांनी धरून संपवली, आणि अन्विताच्या देखत आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "अजून आहे?"

अन्वितानं ही गोष्ट कंपनीत सांगितली, आणि आठवड्याभरात कंपनीचे संचालक स्वतः काकूंच्या दिवाणखान्यात येऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलांच्या जिभांना पहिली आठवण हवी आहे. ती आता अनुरसातच घालून देता येईल. पण ती कुणाच्या तरी खऱ्या हातची हवी. जिल्ह्यात रोज जुन्या पद्धतीनं रांधणारं आता कुणी उरलं नाही, बायकांनी पाटे-वरवंटे विकले, फडकी फेकून दिली. तेव्हा काकूंनी आपला हात द्यावा. पाकिटाचं नाव असेल 'आजीचा हात', आणि कंपनीच्या कागदोपत्री काकूंचा हुद्दा असेल 'प्रमाण आजी'.

"सगळ्या मुलांना मीच?" काकूंनी विचारलं.

"सध्या पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिकपुरत्या," संचालक नम्रपणे म्हणाले. "विदर्भासाठी वर्ध्याच्या एक बाई बघतोय."

ते गेल्यावर काकूंनी अन्विताला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मुलं जेवायला लागतील, एवढं नक्की. बाकी काय होईल ते मला सांगता येणार नाही."

"आणि पल्लवीचा नातू? रुद्रांश? त्यालाही माझ्याच हातचं लागेल?"

"हो, काकू."

काकू खिडकीतून समोर पल्लवीच्या घराकडं बघत राहिल्या. मुलं उपाशीपोटी वाढतायत हे एक कारण होतं, आणि ते खरं होतं. दुसरंही एक कारण होतं, तेही खरं होतं, आणि दोन्हींपैकी कुठलं मोठं हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. त्या हो म्हणाल्या.

प्रयोगशाळेत त्यांच्या मनगटांना तारा बांधल्या, कढईवर काचेचं नाक बसवलं. पहिल्या दिवशी काकूंनी इरकल नेसून, जीव ओतून कढी केली. हिंग तोलून, फोडणी सोनेरी. यंत्रांकडं बघून सगळ्यांचे चेहरे पडले.

"काय चुकलं?" काकू म्हणाल्या.

"काहीच नाही चुकलं, तेच चुकलं," अन्विता म्हणाली. "काकू, घरच्यासारखं करा. रोज करता तसं चुका."

चुकायला त्यांना पुष्कळ दिवस लागले. ठरवून फोडणी जाळली की ती फारच जळायची. शेवटी एकदा धैर्यशीलरावांना आणून शेजारी बसवलं, त्यांच्याशी वाद घालता घालता काकूंचा हात आपसूक सैल सुटला, आणि यंत्रांनी हवं ते टिपून घेतलं.

'आजीचा हात' बाजारात आलं आणि अन्विता म्हणाली होती तसंच झालं. मुलं जेवू लागली. मागून जेवू लागली. शाळेतले डबे रिकामे येऊ लागले. तारूच्या गालांवर मांस चढलं. सुनेनं फोनवर रडत रडत आभार मानले.

दुसरंही काही झालं. काकू मंडईत गेल्या की अनोळखी मुलं आयांचे हात सोडून त्यांच्याकडं यायची. त्यांच्या हाताला हिंगाचा वास असायचा. एक पोरगं तर भाजीवालीच्या समोर त्यांच्या पदराला तोंड पुसून गेलं. काकूंना गंमत वाटली, मग अभिमान वाटला. रुद्रांश सकाळ-संध्याकाळ त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. एकदा पल्लवी त्याला न्यायला आली.

"चल रे, आजीकडं चल."

"आजीकडंच आहे की," रुद्रांश म्हणाला.

पल्लवीनं काकूंकडं पाहिलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हसली आणि म्हणाली, "माझ्या हातून पाणी करपायचं ना, ते तरी माझ्या हातचं होतं, ऋतुजा. आता मी काहीही केलं तरी तुझंच होतं." आणि नातवाला तिथंच ठेवून ती एकटी घरी गेली. किती वर्षं ज्या विजयाची वाट बघितली, तो असा आल्यावर काकूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तारू आली. काकूंनी ठरवलं होतं, नातीला पाकिटातलं द्यायचं नाही. स्वतःच्या हातानं करायचं. दोन दिवस आधी दही लावलं. नवे शेंगदाणे आले होते, हिंगाची डबी नवी होती, खांदा जरा दुखत होता. कढी उकळली, वाटीत वाढली, आणि काकू समोर बसल्या.

तारूनं भुरका मारला. थांबली. वाटी खाली ठेवली.

"काय झालं गं? आंबट आहे?"

"नाही. चांगली आहे." तारूनं शहाण्या मुलीसारखं आजीला वाईट वाटू नये म्हणून आवाज मऊ केला. "पण आजीच्या हातची नाही."

"अगं, मीच आजी. माझाच हात."

"हो, पण तुला तशी नाही जमली."

बाहेरच्या खोलीत धैर्यशीलराव मोठ्यानं हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले.

काकूंनी वाटी उचलून स्वतः चाखली. त्यांना तर ती रोजच्यासारखीच लागली. पण रोज म्हणजे कुठल्या रोजची? प्रयोगशाळेतल्या त्या दिवशीच्या हाताची त्यांना स्वतःला आठवण नव्हती. ती यंत्राला होती, आणि आता अर्ध्या महाराष्ट्रातल्या मुलांना होती. आपण तेव्हा कढी कशी करत होतो, हे विचारायला त्यांच्याकडं समोर बसलेल्या या सात वर्षांच्या पोरीखेरीज कुणी नव्हतं.

त्यांनी कढईखाली पुन्हा जाळ लावला. तारू ओट्यावर चढून बसली आणि पाय हलवत सांगू लागली, "हिंग अजून थोडं. आजी एवढं कमी नाही घालत. हां, बास. आता ती फोडणी जरा काळी होऊ दे. नाही, घाई नको करूस."

काकू ती म्हणेल तसं करत गेल्या. मग पळीत थोडी कढी घेतली, फुंकर घालून नातीच्या ओठांना लावली, आणि नवी सून सासूपुढं उभी राहते तशा हात पदराला पुसत उभ्या राहिल्या.

"आता?"

तारूनं जीभ टाळ्याला लावून नीट विचार केला.

"जवळजवळ," ती म्हणाली. "उद्या परत करून बघ."